दीर्घायुष्याचा फोटो

कॉलेजच्या समाजसेवा केंद्रातल्या लोखंडी कपाटात एकेचाळीस म्हातारी माणसं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी करून ठेवलेली होती. प्रत्येकाच्या पाठीवर नावाची चिठ्ठी होती. अंत्यविधीच्या वेदीवर ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवला तर माणसाचं आयुष्य वाढतं, असं इकडे मानतात. म्हणून त्याला मरणाचा फोटो न म्हणता दीर्घायुष्याचा फोटो म्हणण्याची रीत आहे. एप्रिलमध्ये दोन बसगाड्या भरून विद्यार्थी मुक्गोल या जुन्या खाणगावात गेले, म्हाताऱ्यांना उसने कोट घातले, केस विंचरले आणि फोटो काढून संध्याकाळपर्यंत परतले. पदवी मिळण्यासाठी प्रत्येकाला तीस तास सेवा सक्तीची होती. या सक्तीला परिपत्रकात ‘स्वयंस्फूर्त’ असं विशेषण होतं. परिपत्रक केंद्राच्या कंत्राटी साहाय्यक ब्यॉन ह्येरान यांनीच टंकलं होतं, आणि ते विशेषण त्यांनी दोनदा वगळूनही पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते वरून दुरुस्त होऊन परत आलं.

फ्रेमा जुलैपासून तयार होत्या. आता नोव्हेंबर लागला होता. त्या वाटल्या गेल्या नव्हत्या, कारण त्या नुसत्या वाटायच्या नव्हत्या. त्यांचा वितरण समारंभ व्हायचा होता. समारंभाला कॉलेजचे अध्यक्ष हवेत, आणि मंत्रालयाची मूल्यांकन समितीही त्याच दिवशी हवी. हे सगळे ग्रह अखेर पुढच्या बुधवारी एका राशीत येणार होते.

सोमवारी सकाळी ह्येरानचा फोन वाजला.

“ब्यॉन बाई ना? मी मुक्गोलहून बोलतेय. निळ्या ग्वाकची बायको.”

“बोला ना, योम आजी. कशा आहात?”

“मी कशीही असेन, माझं सोडा. आमचं म्हातारं दवाखान्यात पडलंय. डॉक्टर म्हणतात, या आठवड्याचं काही खरं नाही. फोटो झाला का तो?”

“झालाय आजी. इथेच आहे.”

“इथेच आहे म्हणजे? मग द्या की. तो काय तिथे बसून मुरणार आहे?”

“पुढच्या बुधवारी समारंभ आहे हो. त्यात...”

“बाई,” आजी शांतपणे म्हणाल्या, “ह्यांना बुधवारचं सांगितलंय मी. ते म्हणाले, बघतो, पण शब्द देत नाही.”

ह्येरानने फोन ठेवला आणि केंद्राचे संचालक, प्राध्यापक मिन, यांच्या खोलीत गेली. मिन सर चांगले गृहस्थ होते, आणि खरी अडचण तीच होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. मिन सर प्रत्येक विनंती पूर्ण ऐकून घेत, समोरच्याला चहा देत आणि मग ती विनंती कशी अशक्य आहे हे स्वतःच हळहळत समजावून सांगत.

“एक फ्रेम आधी दिली तर काय बिघडेल, सर?”

“बिघडत काहीच नाही हो, ब्यॉन बाई. पण बॅनरवर एकेचाळीस छापलंय आणि मंचावर दिसणार चाळीस. ही समितीची माणसं मोजतात. मागच्या वर्षी खुर्च्या मोजल्या होत्या त्यांनी.”

“मी बॅनर बदलून आणते.”

“आणि मंत्रालयाला गेलेला मसुदा? तोही बदलून आणाल?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “शिवाय आपल्या फोटोचं नाव काय? दीर्घायुष्याचा फोटो. लाभार्थी समारंभाआधीच गेला, तर परिणामकारकतेच्या रकान्यात मी लिहू काय?”

हे ते हसत म्हणाले. विनोदच होता तो. ह्येरानचा करार डिसेंबरअखेर संपत होता, त्यामुळे तीही हसली.

“थांबतील हो बुधवारपर्यंत. म्हातारी माणसं चिवट असतात. त्यात खाणीतली!”

या देशात पूर्वी जिल्ह्याचा अंमलदार बदलून जाताना रस्त्याच्या कडेला त्याच्या कनवाळूपणाची शिळा उभी राहत असे. अनेकदा दगड रयतेचा, ओढणं रयतेचं, कोरणंही रयतेचं. अंमलदाराची असे ती फक्त नम्रता. ह्येरानचा प्रबंध याच शिळांवर होता. करारांच्या नूतनीकरणातून तो कधी पुरा झाला नाही, पण विषयाचा अभ्यास मात्र केंद्रात रोज पुढे सरकत होता. अलीकडे शिळेऐवजी बॅनर असतो. तो घडी घालून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो, एवढीच काय ती प्रगती.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असे. ग्वाक सांगदॉक अशी चिठ्ठी असलेली फ्रेम तिने आहे त्या गुंडाळीसकट एका मोठ्या चौकोनी रुमालात बांधली आणि तासाभराच्या बसने मुक्गोलचा दवाखाना गाठला.

तो संपूर्ण मजला खाणकामगारांचा होता. कोळशाची खाण बंद होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, पण ती या माणसांच्या फुप्फुसांत अजून चालू होती. ग्वाक आजोबा उशांना टेकून बसल्यासारखे पडले होते. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. योम आजी शेजारी नाशपाती सोलत होत्या, जी आजोबांना खाता येणार नव्हती.

“आल्या बघा, आल्या! अहो, उठा, बाई आल्यात. फोटो घेऊन आल्यात तुमचा.”

आजोबांनी मास्क हनुवटीवर ओढला. “दाखव. कसा मेलोय ते बघू.”

“शुभ बोलाल तर शपथ,” आजी म्हणाल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, प्लॅस्टिक बाजूला केलं आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून पाहिली. मग पलंगाकडे पाहिलं. पुन्हा फ्रेमकडे. मग फ्रेम उलटी करून चिठ्ठी वाचली.

“बाई, चिठ्ठी बदललीय वाटतं. हे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.”

“नाही आजी, नंबर मी स्वतः तपासलाय.”

“अहो, हा कुणीतरी मुख्याध्यापक दिसतोय!”

आजोबांनी हात पुढे केला. फोटो डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळला. “देखणा आहे गडी. कधी गेला बिचारा?”

आजी हसल्या. पदर नसलेल्या बायका हसू दाबताना मनगट तोंडावर धरतात, तसं त्यांनी धरलं. मग मनगट तसंच राहिलं आणि हसू गेलं.

तेव्हा कुठे ह्येरानने दोन चेहरे शेजारी शेजारी पाहिले. पलंगावरच्या चेहऱ्यावर डाव्या भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत निळे ठिपके होते. गोंदल्यासारखे, पण गोंदणात असतो तो आकार त्यात नव्हता. फोटोतला गाल गुळगुळीत होता.

“छत कोसळलं तेव्हाचे आहेत,” आजींनी सांगितलं. “जखमेत कोळशाची भुकटी राहिली आणि वरून कातडी भरून आली. गावात ग्वाक तिघं. एक लांब ग्वाक, एक बहिरा ग्वाक आणि हे निळे. हे पुसल्यावर ह्यांच्यात उरलं काय, सांगा. नाक? नाक तर सगळ्यांनाच असतं.”

आजोबा बोलायला लागले. प्रत्येक चार शब्दांमागे त्यांना मास्क लावावा लागत होता. त्या दिवशी खाली चौघं होते. वर आले दोघं, ते स्वतः आणि शिम. जे दोघं खालीच राहिले त्यांनी आजोबांना शेवटचं पाहिलं ते चेहरा फुटलेला असताना. “आता जायचं ते त्यांच्यातच,” ते म्हणाले. “हा असा मऊसूत चेहरा घेऊन गेलो तर म्हणतील, हा कोण साहेब? हा कधी खाली उतरलाच नव्हता.”

“घरात दुसरा फोटो नाही का?” ह्येरानने विचारलं.

“लग्नातला आहे. खाणीत उतरण्याआधीचा. आणि ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. त्यातही स्टुडिओवाल्याने कुंचला फिरवलाय मेल्याने.” आजींनी फ्रेम पुन्हा रुमालात बांधून तिच्या मांडीवर ठेवली. “हे घेऊन जा. तुमच्या मुलांनी काढला तेव्हा खरा चेहरा होता ना त्यात? तो आणा. काळा-पांढरा असला तरी चालेल. फ्रेम नसली तरी चालेल.”

“मूळ फोटो असणारच. मी आणते.”

हे ती फार लवकर बोलली. निघताना तिला सुचलं म्हणून तिने मोबाइल बाहेर काढला. निदान आहे तो चेहरा तरी टिपून ठेवावा. आजोबांनी मान भिंतीकडे वळवली. चेहरा सुजला होता, मास्कच्या कडा गालात रुतल्या होत्या, आणि माणसाला असं कुणी टिपून ठेवावं असं वाटत नाही. संमतीशिवाय कुणाचा फोटो काढू नये, हे एप्रिलमध्ये बसमध्ये उभं राहून विद्यार्थ्यांना तिनेच शिकवलं होतं. तिने मोबाइल पिशवीत ठेवला.

मूळ फोटो नव्हते. ज्या विद्यार्थ्याने ते काढले होते तो गेल्याच महिन्यात सक्तीच्या लष्करी सेवेत गेला होता आणि प्रशिक्षण छावणीत त्याच्याकडे फोन नव्हता. त्याच्या आईने घरातला संगणक उघडून पाहिला. रिकामा. मुलाने नियम पाळला होता: ‘मूळ प्रतिमा काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत नष्ट करण्यात येतील.’ संमतिपत्रातलं हे कलम ह्येरानने मसुद्यात घातलं होतं, म्हाताऱ्यांच्या प्रतिष्ठेची काळजी वाटून. संपूर्ण उपक्रमात काटेकोरपणे पाळलं गेलेलं कलम बहुधा तेवढं एकच. कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा सामूहिक फोटो होता. त्यात विद्यार्थी पुढे बसले होते, मधे बॅनर होता, आणि म्हातारी माणसं बॅनरच्या मागे होती.

उरली संगणकावर फोटोंवरून शेवटचा हात फिरवणारी मुलगी. तिचं नाव र्यू दाऑन, सौंदर्यप्रसाधन शाखा, दुसरं वर्ष. बुधवारी दुपारी ती केंद्रात आली ती पुढच्या उपक्रमासाठी बोलावलं असावं अशा उत्साहात.

“ग्वाक आजोबा? आठवतात ना मॅडम! बाकीच्यांना मला अर्धा-अर्धा तास लागला, त्यांच्या एकट्यावर सबंध दुपार गेली. ते निळे डाग जातच नव्हते. एक काढला की खालून दुसरा. शेवटी उजव्या गालाची कातडी उचलून डावीकडे लावली. कळतसुद्धा नाही ना?”

“नाही,” ह्येरान म्हणाली. “कळत नाही.”

“मला वाटलं, आयुष्यभर बिचाऱ्यांना लोक बघत असतील. निदान शेवटचा फोटो तरी...” ती थांबली. समोरच्या चेहऱ्यावर तिला कौतुक दिसेना. “काही चुकलं का मॅडम?”

ह्येरानने सांगितलं. तिला रागवायचं होतं; तीन दिवसांत जमलेला राग कुठेतरी उतरवायची सोय हवी होती. पण समोर जी मुलगी रडत होती ती ऐंशी विद्यार्थ्यांतली एकटीच अशी होती, जिने त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे सबंध दुपार पाहिलं होतं.

“मूळ फोटो नियमाप्रमाणे मीही पुसले. पण ठिपके मी परत काढते,” दाऑन नाक पुसत म्हणाली. “कुठे कुठे होते तेवढं सांगा.”

“तुला आठवत नाहीत?”

“काढून टाकताना कोण लक्षात ठेवतं, मॅडम?”

मग त्यांनी दवाखान्यात फोन लावला. दाऑनने संगणकावर तो गुळगुळीत गाल मोठा करून ठेवला, ह्येरानने कागद घेतला, आणि योम आजी पलंगापाशी वाकून नवऱ्याचा चेहरा वाचून दाखवू लागल्या.

“भुवईच्या खाली एक, तांदळाच्या दाण्याएवढा. लिहिलंत? त्याच्या शेजारी दोन, चिकटलेले. मग डोळ्याच्या कोपऱ्यात... थांबा हो, मास्क आड येतोय. अहो, जरा इकडे बघा. इकडे! झोपलेत. गालावर सात. नाही, आठ. एक सुरकुतीत गेलाय.”

“रंग कसा आहे आजी? गडद?”

“रंग?” आजी आणखी वाकल्या असाव्यात; यंत्राची घरघर जवळून ऐकू आली. “रंग कसा सांगू बाई? त्यांचा आहे तसा.”

दाऑनने ठिपके ठेवले. पहिल्यांदा ते शाई सांडल्यासारखे दिसले, दुसऱ्यांदा आजारासारखे. तिसऱ्यांदा ते निदान खरे असण्याची शक्यता वाटली. मोठा फोटो छापणारं यंत्र फोटो शाखेत होतं आणि ते दोन दिवस वितरण समारंभाच्या फलकांसाठी राखून ठेवलेलं होतं. शुक्रवारी सकाळी छापून देतो, असं तिथला माणूस म्हणाला.

गुरुवारी पहाटे ग्वाक सांगदॉक गेले.

मिन सरांना ही बातमी ह्येराननेच दिली. त्यांनी डोळे मिटले, खरोखर हळहळले, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांना उपाय सुचलेला होता.

“आपण फ्रेम स्वतः नेऊन देऊ. आजच. कॉलेजच्या गाडीने, पुष्पचक्रासह. आणि अध्यक्ष उद्या परत येतायत, ते तिथेच अधिकृत वितरण करतील. उपक्रमाचं महत्त्व याहून ठळक कशाने होणार? समितीला मी तसं कळवतो.”

“सर, ती फ्रेम नको. तो चेहरा त्यांचा नाही. उद्या दुसरा फोटो येतोय, एक दिवस...”

“ब्यॉन बाई,” मिन सर मृदू स्वरात म्हणाले, “सोमवारी तुम्हीच म्हणत होतात ना, उशीर नको म्हणून?”

शुक्रवारी दुपारी ती छापलेला फोटो पाकिटात घेऊन दवाखान्याच्या तळघरातल्या अंत्यविधीगृहात पोचली. दारातल्या विजेच्या फलकावर नाव, खोली आणि फोटो झळकत होता, तोच मुख्याध्यापक. आत पांढऱ्या शेवंतीच्या राशीत काळी फीत लावलेली फ्रेम होती, आणि सगळ्यांत मोठ्या पुष्पचक्रावर कॉलेजचं नाव. देह त्याच दिवशी सकाळी कापडात बांधून पेटीत ठेवला होता. पेटी बंद झाली होती.

अध्यक्ष येऊन उभे होते. फ्रेम वेदीवर असल्यामुळे ती देता येईना, म्हणून ती वेदीवरून उतरवण्यात आली. अध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी मुलाला दिली, मुलाने वाकून घेतली, छायाचित्रकाराने “पुन्हा एकदा, जरा इकडे” म्हटलं, म्हणून मुलाने ती परत दिली आणि अध्यक्षांनी ती पुन्हा दिली. त्या दोन-तीन मिनिटांत जे लोक नमस्काराला आले ते रिकाम्या जागेपुढे वाकून गेले.

मुलाचं नाव गीहून; इंचन शहरातून आलेला, पन्नाशीचा. ह्येरान कॉलेजची आहे हे कळल्यावर त्याने तिचे हात धरले.

“तुमच्या मुलांनी काय काम केलंय, बाई! बाबांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ बघतोय मी. शाळेत मला काय म्हणायचे माहितीय? शाईच्या दौतीचा पोरगा.”

“तुमच्या आई म्हणत होत्या की...”

“आईचं मनावर घेऊ नका. कालपासून तिचं एकच चाललंय, हे ते नव्हेत. दुःखात माणूस बोलतो तसं.” आणि आत वळून, “आई, बाई आल्यात बघ. किती छान दिसतायत बाबा, ते तरी बघ एकदा!”

तेवढ्यात काठी टेकत एक वाकलेला म्हातारा दारातून आत आला. वेदीपुढे दोन पावलं टाकून त्याने फोटोकडे पाहिलं, “माफ करा, खोली चुकली,” असं पुटपुटत तो मागे फिरला आणि बाहेर जाऊन फलक वाचू लागला. बाजूच्या खोलीतून योम आजींनी हाक मारली, “शिमदादा, हीच! हीच खोली. या.”

बाजूच्या खोलीत बैठं मेज होतं, त्यावर मांसाचा लाल रस्सा निवत होता. ह्येरानने पाकीट उघडून फोटो आजींच्या हातात दिला. आजींनी तो दिव्याखाली धरला. ओठ हलत होते, ठिपके मोजत असाव्यात.

“हा भुवईखालचा... वर होता का हो, शिमदादा?”

शिम आजोबांनी डोळे बारीक केले. “वर. भुवईच्या वर. मी रोज शेजारी बसून जेवलोय त्याच्या.” मग जरा वेळाने, “का खालीच? मी बसायचो उजव्या बाजूला.”

“गीहून, अरे इकडे ये. बाबांचा हा डाग बघ.”

“मी कधी बघितलेच नाहीत आई,” गीहून दारातून म्हणाला, आणि पाहुण्यांकडे वळला.

“मी फोनवर काय सांगितलं होतं, बाई?”

ह्येरानने कागद काढून वाचला. “भुवईच्या खाली. तांदळाच्या दाण्याएवढा.”

“मग तसंच असेल,” आजी म्हणाल्या. फोटो त्यांनी खाली ठेवला नाही. “पण तेव्हा सूज होती हो चेहऱ्यावर. सगळंच खाली उतरलं होतं.” त्यांनी फोटो ह्येरानसमोर धरला. “तुम्ही पाहिलंत ना त्यांना मंगळवारी, चांगल्या उजेडात? तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, कुठे होता?”

दोन म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. ह्येरानने डोळे मिटले आणि तो चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चार महिने तिने ते कपाट दिवसातून दोनदा उघडलं होतं, चिठ्ठ्या तपासल्या होत्या, फ्रेमा मोजल्या होत्या. डोळ्यांपुढे आला तो गुळगुळीत गाल, उसना कोट आणि उजवीकडून उचलून डावीकडे लावलेली कातडी. तिने पुन्हा प्रयत्न केला. तोच आला.